फिनलंडला निघालात तर फिनिश शिकाच, आणि तेही मराठीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्च महिना आला की आपल्या पेपरात फिनलंडची बातमी येतेच. जगातला सगळ्यात आनंदी देश, २०१८ पासून वर्षामागून वर्षं पहिला नंबर, आणि सोबत बर्फाचा नाहीतर तळ्याकाठच्या घराचा फोटो. मग पुरवणीत तिथल्या नोकऱ्या, पगार, शाळा यांच्यावर लेख येतात, ते वाचायला छान वाटतं आणि बरीचशी माहिती खरीही असते. पण एक गोष्ट दरवेळी राहून जाते ती म्हणजे तिथली भाषा. लेखात एक ओळ टाकलेली असते की "तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं त्यामुळे भाषेची अडचण येत नाही", आणि विषय संपतो. ही ओळ वाचून, तिच्यावर विसंबून इकडे आलेली मराठी माणसं मी हेलसिंकीजवळच्या एस्पोमध्ये राहून बघतेय आणि म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

इंग्रजी चालतं हे खोटं नाहीये. बँकेत चालतं, डॉक्टरकडे चालतं, आयटी कंपन्यांमध्ये तर मीटिंगाच इंग्रजीत होतात. पण दिवस काही फक्त मीटिंगांचा नसतो ना. सोसायटीच्या जिन्यात चिकटवलेली नोटीस फिनिशमध्ये असते, पाळणाघरातल्या बाईंचा मेसेज फिनिशमध्ये येतो, ऑफिसात कॉफीच्या टेबलावर चार जण फिनिशमध्ये बोलत असतात आणि तुम्ही येऊन बसलात की सौजन्य म्हणून इंग्रजीकडे वळतात, आणि मग गप्पा हळूहळू थंडावतात कारण कामाबाहेरचं इंग्रजीत बोलायचा त्यांनाही कंटाळा येतो. सगळ्यात जास्त फटका बसतो तो जोडीदाराला. एकाची आयटीतली नोकरी इंग्रजीवर निभावते, पण बरोबर आलेली बायको किंवा नवरा आधी शिक्षक असतो, अकाउंट्समध्ये असतो, नर्स असतो, आणि या सगळ्या कामांना फिनिश लागतं म्हणजे लागतंच. एवढी शिकलेली, कर्तबगार माणसं घरात बसून राहिलेली बघून मला फार वाईट वाटतं कारण हे टाळता येण्यासारखं आहे.

आता फिनिश म्हटलं की लोक आधी घाबरतात. पंधरा विभक्त्या! शब्द रेल्वेगाडीएवढे लांब! इंटरनेटवर जगातल्या अवघड भाषांच्या याद्या फिरतात, त्यात फिनिश हमखास असते. पण या याद्या बनवणाऱ्यांची घरची भाषा इंग्रजी असते हे लक्षात घ्या. इंग्रजीतून बघितलं तर फिनिश अवघडच आहे, मराठीतून बघा म्हणजे वेगळंच चित्र दिसतं, आणि माझ्या या पत्राचा सगळा मुद्दा तोच आहे.

फिनिश ही युरोपातल्या बहुतेक भाषांच्या कुळातली नाही, एस्टोनियन तिची जवळची बहीण आणि हंगेरियन लांबची नातेवाईक. मराठीशी तिचं रक्ताचं नातं काहीही नाही. पण वाक्य बांधायची पद्धत कितीतरी ठिकाणी आपल्यासारखी आहे. घर म्हणजे तालो. घरात म्हणजे तालोस्सा, घरातून म्हणजे तालोस्ता. इंग्रजीवाला घराच्या आधी वेगळा शब्द लावतो, आपण शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावतो, फिनिश माणूसही शेपटीलाच लावतो. झाड म्हणजे पू, झाडाच्या खाली म्हणजे पून आल्ला, यात "पून" म्हणजे झाडाच्या आणि "आल्ला" म्हणजे खाली, क्रमसुद्धा तोच. घराच्या मागे म्हणजे तालोन ताकाना. हे मराठी माणसाला समजावून सांगायलाच लागत नाही, फक्त दाखवायला लागतं.

पुढची गंमत अशी की प्रत्यय लागला की मूळ शब्द बदलतो, आणि इंग्रजीतून शिकणारे इथे अक्षरशः रडकुंडीला येतात. रस्ता म्हणजे कातु, पण रस्त्यावर म्हणजे कादुल्ला, त चा द झाला. तुर्कु हे शहराचं नाव, पण तुर्कुमध्ये म्हणायचं तर तुरुस्सा, मधला क गायबच. हेलसिंकीचं हेलसिंगिस्सॅ होतं. आता आपण काय करतो बघा. दूध, पण दुधात. पाणी, पण पाण्यात. विहीर, पण विहिरीत. रस्ता, पण रस्त्यावर. शाळेत आपल्याला याला सामान्यरूप म्हणतात असं शिकवलं होतं, पण त्याच्या कितीतरी आधी आपण ते बोलत होतो. म्हणजे प्रत्यय लावायच्या आधी शब्दाला थोडं वळवून घ्यायचं असतं ही सवय आपल्या डोक्यात लहानपणापासून तयार आहे, नियम वेगळे आहेत ते शिकावे लागतात, पण सवय नव्याने लावून घ्यायची नाहीये. आणखी एक सांगते, आपण "घरात" म्हणतो आणि "घरी" पण म्हणतो, दोन्हींचा भाव वेगळा, आणि "घरी" सारखी जुनी रूपं थोड्याच शब्दांना उरलीत. फिनिशमध्ये अगदी हेच आहे. तालोस्सा म्हणजे घराच्या आत, पण आपल्या घरी असण्याला कोतोना म्हणतात आणि तेही असंच जुन्या वळणाचं रूप आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की दिवसभर भेटेल त्या मराठी माणसाला सांगत सुटले होते.

अशी उदाहरणं काढत बसले तर पेपर पुरणार नाही, तरी चार सांगतेच. माझ्याकडे गाडी आहे, यात आपण "माझ्याकडे" म्हणतो, फिनिशमध्येही मिनुल्ला ओन आउतो, म्हणजे गाडी माझ्यापाशी "आहे", बाळगण्याचं वेगळं क्रियापदच नाही. मला भूक लागलीय, मला ताप आहे, हेही त्याच मिनुल्ला ने होतं. मला जायला पाहिजे या वाक्यात कर्ता "मी" न राहता "मला" होतो, तसा फिनिशमध्ये मिनॅ चा मिनुन होतो. प्रश्न विचारायला आपण शेवटी "का" लावतो, येतोस का, ते क्रियापदाला को चिकटवतात, तुलेत्को. मीसुद्धा म्हणायला मिनॅ ला किन जोडला की मिनॅकिन झालं. आणि नकार! आपल्याकडे नाही, नाहीस, नाहीत असं नकारच माणसाप्रमाणे बदलतो, फिनिशमध्येही एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत असा नकारच चालवला जातो. इंग्रजी पुस्तकात यावर पानभर समजूत काढलेली असते, मराठी मुलाला एक ओळ पुरे. वर लिंगाची कटकट मुळीच नाही, तो आणि ती दोघांनाही हॅन, आपल्यासारखी तीन लिंगं सांभाळायची नाहीत.

उच्चारांचंही तसंच आहे. फिनिश जशी लिहितात तशीच वाचतात, जोर कायम पहिल्या अक्षरावर. त्यांचा त हा आपला दातांवरचा त आहे, ट नव्हे, आणि प, त, क यांच्यात हवा सोडायची नसते, इंग्रजी माणसाला ती सवय मोडायला किती त्रास होतो, आपल्याला प आणि फ, त आणि थ वेगळे ठेवायची सवयच आहे. ॲ आपल्याकडे आहे. जोडाक्षरं तर आपली हक्काची, आणि इथे त्यांना फार महत्त्व आहे. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे कस्टम. तापाआन म्हणजे मी भेटतो आणि तापान म्हणजे मी ठार मारतो, तेव्हा उद्या भेटू म्हणताना आ लांबवायला विसरायचं नाही. देवनागरीत लिहिलं की हे फरक डोळ्यांना लगेच दिसतात म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवातीला वहीत फिनिश शब्दाशेजारी देवनागरी उच्चार लिहून ठेवा. दोन स्वर मात्र आपल्याकडे नाहीत. एक, तोंडाने ऊ चा चंबू करून ई म्हणायचं, दुसरा, ओ चा चंबू करून ए म्हणायचं. आरशासमोर उभं राहून करा, आठवड्याभरात जमतं. या पत्रात मी त्या दोन स्वरांना जवळचं अक्षर वापरलंय हे ध्यानात ठेवा.

सगळंच सोपं आहे असं सांगून मला कोणाला फसवायचं नाही. पार्टिटिव्ह नावाची एक विभक्ती आहे, तिला आपल्याकडे सरळ जोड नाही. दोनपासून पुढे काहीही मोजलं की ती लागते, पाणी, दूध, कॉफी असल्या गोष्टींना लागते, नकारात लागते. आणि कर्माला ती लावली की काम अर्धवट आहे किंवा चालू आहे असं होतं. पुस्तक म्हणजे किर्या. लुइन किर्याआ असं म्हटलं तर मी पुस्तक वाचत होते, आणि लुइन किर्यान म्हटलं तर पुस्तक वाचून काढलं. "वाचलं" आणि "वाचून काढलं" यातला फरक ज्याला कळतो त्याला हे कळेल, फक्त ते लोक क्रियापदाऐवजी नामाच्या शेपटीवर दाखवतात. पण हे नियम पाठ करत बसू नका असं मी नव्या माणसांना सांगते, कारण पार्टिटिव्ह तुम्ही पहिल्या दिवसापासून बोलायला लागताच. सकाळी सगळे एकमेकांना हुओमेन्ता म्हणतात ते पार्टिटिव्हच आहे. नाताळ म्हणजे योउलु, शुभेच्छा देताना योउलुआ. एक मेला वाप्पु असतो, शुभेच्छा वाप्पुआ. जूनमध्ये मध्य उन्हाळ्याचा युहान्नुस, शुभेच्छा युहान्नुस्ता. सण येतील तशा शुभेच्छा देत जा, वर्षभरात विभक्ती कानात बसते.

आता दुसरी मोठी गोष्ट, जी क्लासात उशिरा सांगतात आणि माझ्या मते पहिल्या आठवड्यातच सांगायला हवी. पुस्तकातली फिनिश आणि बोलायची फिनिश यांच्यात बरंच अंतर आहे. पुस्तक म्हणतं मिनॅ ओलेन, म्हणजे मी आहे, आणि बाहेर सगळे मॅ ओओन म्हणतात. तू ला सिनॅ, बोलताना सॅ. मला माहीत नाही हे पुस्तकात एन तिएदॅ, तोंडात एन तीॲ किंवा एम्मॅ तीॲ. हॅन च्या जागी लोक सर्रास से म्हणतात, जे खरं तर वस्तूसाठी आहे, आणि त्यात अपमान बिलकुल नसतो. आकडे तर फारच आखडतात, पंचवीस म्हणजे काक्सिक्युम्मेन्तॅवीसि असा लांबलचक शब्द, दुकानात ऐकू येतो काक्स्क्युत्वीस, आणि त्यातलं "वीस" म्हणजे पाच हे मराठी कानाला सुरुवातीला चांगलंच चकवतं. आपल्याकडेही "मी जात आहे" कोण बोलतं, सगळे "मी जातोय, चाललोय" म्हणतात, पण बाहेरून मराठी शिकणाऱ्याला कोणी हे सांगितलं नाही तर तो बिचारा गोंधळणारच. पुस्तकी भाषा लिहिण्या-वाचण्यासाठी आणि परीक्षेसाठी लागतेच, ती सोडू नका. पण बोलायचं ते बोलीत शिका, नाहीतर क्लासात पहिला नंबर आणि बसस्टॉपवर एक शब्द कळत नाही अशी अवस्था होते.

शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे वाण्याचं दुकान, म्हणजे तिथला सुपरमार्केट. काउंटरवर रोज तेच संभाषण होतं. मोइ. मोइ. ओन्को कोर्त्तिआ, म्हणजे सभासद कार्ड आहे का. नसेल तर एइ ओले. ओतात्को कुइतिन, पावती घेणार का. एइ कीतोस, नको धन्यवाद. हेइ हेइ. संपलं. दोन मिनिटांचा पाठ, रोज नवा शिक्षक, आणि मागे रांग असली तरी कोणी डोळे वटारत नाही. यातच बघा, पावती कुइत्ति, पण वाक्यात कुइतिन, दोन त चा एक त झाला, व्याकरण आपोआप कानावर पडतंय. बऱ्याच दुकानांत भाजी आपणच वजनकाट्यावर ठेवायची, पाटीवरचा नंबर दाबायचा आणि चिकटणारं लेबल काढून पिशवीला लावायचं, त्यामुळे पेरुना म्हणजे बटाटा, सिपुलि म्हणजे कांदा, पोर्क्काना म्हणजे गाजर हे शब्द वहीत न लिहिताही पाठ होतात. दुधाच्या कपाटासमोर मात्र थांबून नीट वाचा, सगळे पुठ्ठ्याचे डबे सारखेच दिसतात, माइतो म्हणजे दूध आणि पीमॅ म्हणजे आपल्या ताकाच्या जवळचं आंबट प्रकरण. रिकाम्या बाटल्या आणि कॅन फेकायचे नाहीत, दुकानातच मशीन असतं त्यात घालायचे, कॅनचे १५ सेंट आणि लिटरपेक्षा मोठ्या प्लॅस्टिक बाटलीचे ४० सेंट परत मिळतात, मशीन चिठ्ठी देतं ती काउंटरवर द्यायची. रोख पैसे दिलेत तर हिशोब पाच सेंटच्या पटीत होतो कारण एक आणि दोन सेंटची नाणी तिथे व्यवहारात नाहीत, त्यामुळे सुट्टे दिले नाहीत म्हणून कोणाशी वाद घालू नका.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना दुसरी शाळा म्हणजे पाळणाघर, पॅइवॅकोति. संध्याकाळी मुलाला घ्यायला गेलं की कपड्यांच्या खणापाशी उभं राहून बाई दोन वाक्यं सांगतात, बहुतेक वेळा तीच, नीट जेवला, नीट झोपला, नुक्कुइ ह्युविन. खणात ओळीने टांगलेलं असतं, चिखलातली रबरी पँट म्हणजे कुराहोउसुत, त्याच जातीचे हातमोजे, वरून घालायचा जाड अंगरखा, लोकरी टोपी. पाऊस असो, बर्फ असो, मुलं रोज बाहेर खेळतात त्यामुळे यातली एक वस्तू जरी ओली किंवा हरवलेली असली तरी बाई सांगणार, आणि ते तुम्हाला कळायलाच पाहिजे नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरगं कुडकुडतं. अंधाराच्या महिन्यात जॅकेटला लोंबकळणारा चकाकणारा तुकडा, हेइयास्तिन, मुलांनाच नाही तर मोठ्यांनाही लावायचा असतो, तो कायदाच आहे. डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांचासुद्धा नसतो तेव्हा गाडीवाल्याला माणूस दिसायला नको का. मी बऱ्याच आयांना सांगते की बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाका, माझ्याशी फिनिशमध्येच बोला, हळू बोला. हिताआस्ति म्हणजे सावकाश. त्या बायका मुलांना भाषा शिकवण्यात मुरलेल्या असतात, तुम्हाला त्यांच्यासारखा शिक्षक पैसे देऊन मिळणार नाही.

संस्कृतीबद्दल बोलायचं तर लोक सांगतात की फिनिश माणूस अबोल असतो. मला हे वर्णन अन्यायकारक वाटतं. तो अबोल नसतो, तो समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो, मग क्षणभर थांबतो आणि मग बोलतो. ऐकताना मधेच श्वास आत ओढत "योओ" म्हणतो, पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं याला धाप लागलीय की काय, पण त्याचा अर्थ हो, ऐकतोय, पटतंय. आपल्याला एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकून गप्पा मारायची सवय, त्यात आपुलकी असते हे मलाही माहितीय, पण तिथे तसं केलं की समोरचा गप्पच होतो, कारण त्याला वाटतं याला माझं ऐकायचं नाहीये. आणि नवशिक्याला तर ही शांतता म्हणजे वरदान आहे! वाक्य जुळवायला, शेपटीला योग्य प्रत्यय लावायला पाच-सात सेकंद लागले तरी कोणी घाई करत नाही, कोणी तुमचं वाक्य पूर्ण करून टाकत नाही. जगात फार कमी ठिकाणी नवी भाषा बोलणाऱ्याला एवढा वेळ मिळत असेल.

बाकी रिवाज सोपे आहेत. घरात शिरताना बूट काढायचे, हे आपल्याला शिकवायला नकोच. बाराला बोलावलं असेल तर बाराला जायचं. डॉक्टर, शिक्षक, साहेब सगळ्यांना नावाने आणि एकेरी हाक मारायची, इथे आपली जीभ अडखळते, पण तिथे त्यात उद्धटपणा नाही. "कृपया" ला सरळ शब्द नाही म्हणून लोक कासावीस होतात, तर काह्वि, कीतोस म्हटलं की कॉफी द्या प्लीज झालं. ऑफिसात कॉफीच्या सुट्टीला कधीही नाही म्हणू नका, कॉफी पीत नसाल तर चहा घेऊन बसा, पण बसा, कारण बोलीभाषा तिथेच ऐकायला मिळते. सोसायटीत धुणं धुवायची सामायिक खोली असते, पेसुतुपा, तिथली वेळ आधी नाव लिहून घ्यायची आणि आपली वेळ संपायच्या आत मशीन रिकामं करायचं, शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते इथेच.

आणि सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेत बसायची खोली. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या देशात तीसेक लाख सॉना आहेत, २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या सॉना संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. आपले लोक लाजतात, पहिलं आमंत्रण टाळतात, आणि मग दुसरं येत नाही. तर नीट समजून घ्या. बायका आणि पुरुष सहसा वेगवेगळे बसतात, कुटुंबाचं वेगळं. आधी शॉवरखाली स्वच्छ अंघोळ, मग आत, बाकावर बसायला छोटा टॉवेल किंवा कापड घ्यायचं. तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायचं. सोसत नसेल तर खालच्या बाकावर बसायचं किंवा सरळ बाहेर जायचं, त्यात कमीपणा नाही. टॉवेल गुंडाळून बसायचं असेल तर यजमानाला सांगा, कोणी मनावर घेत नाही. एरवी लिफ्टमध्ये न बोलणारी माणसं सॉनात मोकळी होतात आणि तिथे ज्या गप्पा होतात त्या दुसरीकडे कुठे ऐकू येत नाहीत. नवशिक्याने तर जावंच, कारण तिथे फोन नसतो आणि भाषांतराचं ॲपही नसतं.

एक अडचण खरी आहे. तुम्ही तोडकंमोडकं फिनिश बोलायला लागलात की समोरचा मदत म्हणून लगेच इंग्रजी सुरू करतो. यात त्याचा हेतू चांगलाच असतो, पण आपलं शिकणं थांबतं. यावर उपाय एकच वाक्य, वोइदाआन्को पुहुआ सुओमेआ, आपण फिनिश बोलूया का. हे हसून म्हटलं की शंभरातले बहुतेक जण खूश होतात. का होतात ते त्यांच्या इतिहासात आहे. फिनिशमधलं पहिलं छापील पुस्तक १५४३ चं, मिकाएल आग्रिकोला यांनी केलेलं वाचनाचं पुस्तक. पण त्यानंतरही शेकडो वर्षं कारभार आणि शिक्षण स्वीडिशमध्येच चालत होतं, आधी स्वीडनचं राज्य, १८०९ पासून रशियाच्या झारचं. १८६३ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडर झारचा फर्मान निघाला तेव्हा कुठे कचेऱ्यांमध्ये फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान मिळायचा रस्ता उघडला. एवढ्या उशिरा हक्क मिळालेली ही भाषा, तिचा मान ठेवणारा परका माणूस त्यांना आवडतो. ९ एप्रिल हा त्यांचा फिनिश भाषेचा दिवस, त्या दिवशी झेंडे लागतात. स्वीडिश अजूनही दुसरी राजभाषा आहे, साधारण पाच टक्के लोकांची, म्हणून रस्त्यांवर, स्टेशनांवर दोन-दोन नावं दिसतात, एस्पो आणि एस्बो हे एकच गाव आहे, गोंधळू नका.

ज्यांना लांबचा विचार करायचाय त्यांनी हेही लक्षात ठेवा की नागरिकत्वासाठी ऑक्टोबर २०२४ पासून सर्वसाधारणपणे आठ वर्षं राहण्याची अट आहे, आधी पाच होती, आणि फिनिश किंवा स्वीडिश येत असल्याचा पुरावा लागतो, बहुतेक जण त्यासाठी युकि नावाची भाषेची परीक्षा देतात आणि तिच्यात तिसरी पातळी गाठावी लागते. आठ वर्षं आहेत म्हणून सातव्या वर्षी सुरू करू म्हणणारे भेटतात. ते मला अजिबात पटत नाही. ती सात वर्षं तिथेच, त्याच माणसांमध्ये काढायची आहेत ना?

शिकायच्या सोयी भरपूर आहेत. लायब्ऱ्यांमध्ये किएलिकाह्विला भरतात, म्हणजे भाषेच्या गप्पांचे कट्टे, फुकट, कोणीही जाऊन बसावं. हेलसिंकीत संसदेसमोरची ओओदि लायब्ररी, २०१८ च्या डिसेंबरात उघडलेली, नुसती बघायला म्हणून तरी जा. युले या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या असतात, सावकाश वाचलेल्या, मजकूरही सोबत मिळतो, रोज ऐकल्या तर दोन-तीन महिन्यांत फरक जाणवतो. नोकरी शोधणाऱ्यांसाठी गावाच्या प्रशासनातर्फे भाषेचे वर्ग असतात, २०२५ च्या सुरुवातीपासून रोजगार सेवा महापालिकांकडेच आल्यात तेव्हा चौकशी तिथे करायची. ज्यांना संध्याकाळीच वेळ आहे त्यांच्यासाठी प्रौढांच्या शिक्षणसंस्था आहेत, फी परवडणारी. फोनवरची ॲप शब्दांसाठी बरी आहेत पण ती बहुतेक इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे पुन्हा तोच लांबचा वळसा.

म्हणूनच संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पुढच्या वेळी फिनलंडवर पुरवणी काढाल तेव्हा "इंग्रजी चालतं" ही ओळ कृपा करून तशीच छापू नका, तिथे राहणाऱ्या चार मराठी माणसांना विचारा, विशेषतः नोकरी सोडून जोडीदाराबरोबर आलेल्या बायकांना विचारा. दुसरी, मराठीतून फिनिश असं छोटं सदर चालवता आलं तर बघा, आठवड्याला एक चौकट, एक प्रत्यय आणि रोजच्या वापरातली चार वाक्यं, देवनागरी उच्चारासकट. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको, आणि इथे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं फिनिश येणारी मराठी माणसं आहेत, त्यांच्याकडून तपासूनही घेईन.

आणि जे वाचक यंदा उन्हाळ्याच्या शेवटी तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी, शरद ऋतूतले संध्याकाळचे वर्ग सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात आणि नावनोंदणी त्याच्या आधी असते, नवशिक्यांच्या वर्गातल्या जागा पटकन भरतात. तेव्हा सामान लागेपर्यंत थांबू नका, पोचल्या पोचल्या नाव घाला.

आपली नम्र,
एक वाचक, एस्पो, फिनलंड